केसांचं काम

बिनकेसाचा पाळीव उंदीर तळहातावर घेतला की सगळ्यात आधी जाणवते ती त्याची ऊब. केसाळ उंदीर हाताला इतका गरम लागत नाही. अंगातलं तापमान दोघांचंही सारखंच, ३७.५ अंशांच्या आसपास. पण केसाळ उंदराची ऊब त्याच्या केसांत अडून राहते आणि याची थेट आपल्या हातात उतरते. आपल्याला ते सुखाचं वाटतं. त्या जिवाला मात्र ही ऊब अखंड कमवावी लागते: जास्त खाऊन, फडक्यात गुरफटून, सोबत्याच्या पोटाशी शिरून.

या लेखासाठी संपादकांनी ‘घरी आलेला जीव’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न आधीपासूनच घोळत होता. तो माझ्या भाचीचा होता. ती पुण्यात नोकरी करते. तिच्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण परदेशी चालली होती आणि तिचे दोन बिनकेसाचे उंदीर मागे राहणार होते. दोन्ही माद्या, साधारण वर्षाच्या. मैत्रिणीनं सगळीकडे विचारून पाहिलं. लोक फोटो बघूनच नको म्हणत. गुलाबी सुरकुतलेली कातडी, अंगाच्या मानानं मोठे कान, आखूड वाकड्या मिशा. भाचीचं काम आता घरूनच चालणार होतं, म्हणजे ती दिघीला आईकडे राहायला जाणार होती. “आत्या, दिघीत जगतील का गं त्या?” असं तिनं विचारलं. मला चटकन हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. म्हणून मी दिघीला गेले. ते घर माझ्या चांगल्या ओळखीचं. या खेपेला ते त्या दोघींना कसं लागेल हे बघायचं होतं.

खाडीच्या काठचे उंदीर

मुरुडकडून आलं की आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. समुद्राच्या अंगाला जंजिरा दिसतो, खाडीच्या काठाला दिघी बंदराचे धक्के. हे बंदर २०२१ साली अदानी समूहाकडे गेलं. पण होड्या, मचवे, गलबतं या खाडीत शतकानुशतकं ये-जा करत आली आहेत, आणि जिथे गलबत तिथे उंदीर आलाच. अजूनही मोठ्या जहाजाच्या दोरखंडांना पत्र्याच्या गोल चकत्या लावतात. दोरावरून चालत येणारा उंदीर तिथे अडतो.

या पट्ट्यात घरात आणि वाडीत दिसतो तो बहुतेक काळा उंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब, चढण्यात पटाईत. तो माडाच्या शेंड्यात घर करतो आणि कोवळी फळं कुरतडतो. माडाखाली गोल भोक पडलेली बोंडं आणि शहाळी सापडली की बागायतदाराला वेगळं काही सांगावं लागत नाही. उपाय म्हणून काही जण खोडाला पुरुषभर उंचीवर गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, काही जण विषाच्या वड्या ठेवतात. कोळीवाड्यात गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांना आणि सुक्या मासळीला उंदरांचा त्रास असतो. पावसात शेतांच्या बांधांतली बिळं पाण्यानं भरली की घुशीही घरांच्या दिशेनं सरकतात.

त्यामुळे माझ्या वहिनीचं, म्हणजे भाचीच्या आईचं, पहिलं बोलणं मला अजिबात वावगं वाटलं नाही. “ज्यांना मारायला बाजारातून औषध आणायचं, त्यांनाच माजघरात ठेवायचं?” असं ती म्हणाली. याच घरात भाद्रपदात गणपतीच्या पायाशी मूषक असतो आणि वहिनी त्याच्यासमोर आठवणीनं वेगळा मोदक ठेवते. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नाही. मूषक देवाचा आहे आणि वाडीतला उंदीर नुकसानीचा. भाची आणू पाहत होती तो यांपैकी कोणीच नव्हता, आणि त्याच्यासाठी या घरात अजून जागा ठरलेली नव्हती.

खरं तर वाडीतला उंदीर आणि भाचीच्या पिंजऱ्यातल्या दोघी एका जातीच्यासुद्धा नाहीत. पाळीव उंदीर सगळे तपकिरी उंदराचे वंशज. तो आपल्याकडे मुख्यतः बंदरांच्या शहरांत आढळतो. काळ्या उंदरापेक्षा अंगानं जड, शेपूट आखूड, चढण्यापेक्षा जमीन उकरण्याकडे ओढा. दोन्ही जातींचा आपसांत संकर होत नाही. रोग मात्र जात बघत नाहीत; त्याबद्दल पुढे.

केस गेले कसे

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. स्वतःला तो व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणवून घेई. पकडलेल्यांत वेगळ्या रंगाचा उंदीर मिळाला की तो मारत नसे. त्याची वीण करून पिल्लं विकत असे. १९०१ साली मेरी डग्लस या बाईंनी एलिसबरीच्या प्रदर्शनात आपले उंदीर मांडले, आणि तिथून उंदीर पाळण्याचा छंद इंग्लंडमध्ये रीतसर सुरू झाला. त्याच सुमाराला अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगांसाठी पांढऱ्या उंदरांचा एकसारखा वंश तयार होत होता. आज जगभरच्या प्रयोगशाळांतले कितीतरी उंदीर त्या विस्टार वंशाचे आहेत. माणसाच्या हाताला न चावणारा, उचलून घेतलं की शांत राहणारा उंदीर असा दोन वाटांनी घडला: एक हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून, दुसरी प्रयोगशाळांतून.

बिनकेसाचे उंदीर या दोन्ही वाटांवर मधूनमधून आपोआप जन्माला आले. एरवी अशी पिल्लं जगली नसती. माणसाला त्यांचा उपयोग दिसला किंवा अप्रूप वाटलं, म्हणून त्यांची वीण पुढे चालवली गेली. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत १९५३ साली मोठ्या जातीत असे उंदीर दिसले. लहान जातीच्या उंदरांत १९६२ साली ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नॉर्मन ग्रिस्ट यांना केस नसलेली पिल्लं आढळली. १९६८ साली पँटेलूरिस यांनी दाखवलं की या पिल्लांत केसांबरोबर छातीतली थायमस ग्रंथीही नसते. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींची एक मोठी फळी त्या ग्रंथीत तयार होते. केस आणि ग्रंथी या दोन्हींसाठी एकच जनुक लागतो. तो बिघडला की दोन्ही जातात. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये अशा उंदराच्या कातडीखाली माणसाच्या कर्करोगाची गाठ रुजवता आली, कारण परकी गाठ नाकारण्याची ताकदच त्याच्यात नव्हती. कर्करोगावरच्या औषधांची चाचणी त्यानंतर या उघड्या उंदरांच्या आधारानं पुढे गेली.

यातला मुंबईचा भाग मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा असं मला वाटतं. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत उंदरांवरच्या कामाची मोठी परंपरा होती; डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनांच्या कर्करोगावरचं काम तिथेच केलं. या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं ज्याच्या वंशनामात आहेत असा एक बिनकेसाचा लहान उंदीर तिथे होता. बिडीच्या तंबाखूचा अर्क अशा उंदरांच्या कातडीला लावून डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बिडीसाठी तयार केलेली तंबाखू कातडीवरच्या गाठी वाढवायला मदत करते. हा निबंध १९९४ सालचा. उघडी कातडी असल्यानं केस भादरावे लागत नाहीत आणि बारीकसा फोडही लगेच दिसतो. आपल्या कोकणात सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका आणि दुपारी बिडी ओढणारे पुरुष घरोघरी होते. मशेरीतला धोकाही याच संस्थेनं उंदरांवर तपासला. आपल्या माणसांच्या सवयींचा निवाडा असा या लहान जिवांच्या कातडीवर झाला आहे.

पुढे ही संस्था खारघरला गेली, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या आवारात. म्हणजे दिघी ज्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आजही थायमस नसलेले उघडे उंदीर सांभाळले जातात. त्यांना कसं जपावं लागतं हे बघितलं की घरी आणणाऱ्यानं कशाची काळजी करायची ते कळतं. अशा प्राण्यांना प्रत्येक पिंजऱ्यात गाळलेली हवा मिळते. खाणं, पाणी, खाली घालायचा भुसा हे सगळं निर्जंतुक करून आत जातं. माणसानं अंगभर झगा, टोपी, हातमोजे घातल्याशिवाय पिंजरा उघडायचा नसतो.

भाचीला मी पहिला प्रश्न तोच केला होता: यांचे केस कुठल्या कारणानं गेले? पाळीव म्हणून फिरणाऱ्या बिनकेसाच्या उंदरांत बहुतेक वेळा थायमस शाबूत असते. कुरळ्या केसांच्या दोन उंदरांची वीण झाली की काही पिल्लांना कुरळेपणाचा जनुक दोन्हीकडून मिळतो. त्यांचे केस पुंजक्यापुंजक्यांनी येतात आणि गळतात. आणखी एक प्रकार आहे, त्यात केस उगवतात पण टिकत नाहीत. या दोघींच्या कपाळावर आणि पायांवर मऊ लव होती, अधूनमधून पाठीवर ठिपक्यासारखे केस यायचे आणि जायचे, आणि वर्षभरात दोघींना फारसं दुखणं आलेलं नव्हतं. पुण्यातल्या पशुवैद्यांनी तपासून त्या धडधाकट असल्याचं सांगितलं होतं. थायमस नसलेला उंदीर असता तर मी दिघीचा विचार तिथेच थांबवला असता. कोकणातल्या पावसाळी घरात त्याला कुणीही कितीही जपलं तरी ते पुरलं नसतं.

घर बघताना

घर जुनं, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. पडवीच्या बाहेर न्हाणी आणि पलीकडे माडापोफळींची वाडी. पडवी हवेशीर आहे म्हणून भाचीनं मनात तीच धरली होती. मी ती जागा लगेच नको म्हटली. पडवीत दुपारी तिरपं ऊन येतं आणि केस नसलेली कातडी उन्हानं पोळते. न्हाणीच्या मोरीतून धामण येते हे वहिनीनंच सांगितलं, आणि मासळीच्या वासानं मांजरं तर तिथे दिवसभर असतात. स्वयंपाकघरात धूर आणि फोडणी. उंदराचं श्वसन मुळातच नाजूक. बहुतेक पाळीव उंदरांच्या फुप्फुसात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू मुक्काम करून असतो आणि धूर, धूळ किंवा मुताचा उग्र वास यांचं निमित्त मिळालं की उचल खातो. राहिलं माजघर. जाड भिंतींमुळे ते दिवसा थंड आणि रात्री उबदार राहतं, ऊन येत नाही, आणि माणसांचा वावर असल्यानं मांजर तिथे फिरकत नाही.

बाकी घर बघताना मला सारखं एकच विचारायचं होतं: अंगावर केस असते तर त्यांनी काय केलं असतं, आणि ते आता इथे कोण करणार?

केस थंडी अडवतात. दिघीला पुण्यासारखी थंडी पडत नाही, हे या दोघींच्या पथ्यावर पडणारं आहे. तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे समुद्रावरून वारा येतो आणि श्रावणात दिवसचे दिवस हवा ओली गार असते. पिंजऱ्यात टांगायला कापडी झोळी, खाली घडी केलेली जुनी मऊ लुगडी, आणि फार गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात. एकाच कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे नको वाटलं तर बाजूला होता येतं. विजेचा दिवा किंवा गादी यांच्या भरवशावर राहायचं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती.

उन्हाळ्याची काळजी मला जास्त वाटली. केस नाहीत म्हणजे उकाडा सोसेल, अशी भाचीची समजूत होती. उंदराला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखी धापही नीट टाकता येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो. फारच झालं तर अंगाला थुंकी फासतो. एप्रिल-मेमध्ये दिघीची हवा इतकी दमट असते की थुंकी वाळतच नाही. पारा तिसाच्या वर गेला की उंदीर मलूल होऊ लागतो. पस्तिसाजवळ, त्या दमट हवेत, जीव जाऊ शकतो. उपाय घरात होते: माजघराची फरशी, ओलं फडकं टाकलेला मातीचा माठ पिंजऱ्याला टेकवून ठेवायचा, पसरट ताटलीत पाणी, काकडीच्या फोडी. पण हे सगळं करायला दुपारी कुणीतरी घरात हवं. मला विचाराल तर या किनाऱ्यावर बिनकेसाचा उंदीर पाळावा की नाही याचं उत्तर एवढ्यावर ठरतं. घर दिवसभर बंद राहत असेल तर नाही.

केस ओरखडे अडवतात. कोकणातल्या घरात खाली अंथरायला हाताशी येतात त्या सगळ्या वस्तू खरखरीत: भाताचा पेंढा, तूस, काथ्या, लाकडाचा भुसा. केसाळ उंदराला पेंढा चालून जातो. या दोघींच्या उघड्या पोटाला त्याची टोकं टोचतात, ओरखडा उठतो, तिथे पू होतो. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर कुठल्याच उंदराला नको; त्याच्या वासातलं तेल फुप्फुसाला बाधतं. जुनी सुती कापडं आणि बिनछपाईच्या कागदाच्या पट्ट्या चांगल्या. पावसाळ्यात कापडं वाळत नाहीत, म्हणून दुप्पट संच हवा. ओलसर हवेत मुताचा अमोनिया लवकर साठतो. कापड रोज बदलायचं आणि पिंजरा आठवड्याला धुवायचा. पिंजऱ्यातल्या सगळ्या कडा हात फिरवून बघायच्या. तारेचं एक टोक पुढे आलेलं असलं तरी पुरतं. आपसांतल्या लाडिक झटापटीतही नखं लागतात, म्हणून नखांची टोकं कापायची.

पापण्यांचे केस नसल्यानं डोळ्यांत कचरा जातो. डोळ्यांच्या कडेला तांबूस थर दिसला की नवखा माणूस रक्त समजून घाबरतो. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा तांबडा स्राव असतो. केसाळ उंदीर तो चाटून पुसून काढतो, इथे तो नुसता दिसतो. रोज थोडा असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं पुसायचा. एकाएकी वाढला तर समजायचं की जीव आजारी आहे किंवा धास्तावला आहे.

कातडी स्वतःचं तेल स्वतः सोडते. वहिनीनं विचारलं, रोज खोबरेल लावू का? नको. उंदीर अंग चाटतो. लावलेलं तेल पोटात जातं आणि हगवण लागते. कातडी फारच सुकून पापुद्रे निघाले तर बोटाला लागेल एवढंच, तेही क्वचित. आंघोळही वरचेवर नको.

आणि खाणं. केसाळ उंदरापेक्षा यांना जास्त लागतं, कारण ऊब टिकवायला ते खर्च होतं. उंदरांसाठीच्या तयार गोळ्या पुण्याहून एकदम आणून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायच्या, कारण कोकणात पावसाळ्यात उघड्या धान्याला दोन दिवसांत बुरशी येते. जोडीला घरचं: शिजवलेली नाचणी, मऊ भात, मुगाची उसळ बिनतिखटाची, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, दुधी, पालक. सुकट-बोंबील खूप खारट असतात, ते द्यायचे नाहीत. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं वाईट परत बाहेर येत नाही, म्हणूनच विषाच्या वड्या त्याच्यावर इतक्या चालतात. वहिनी एका फळकुटावर त्या वड्या ठेवत असे. ते फळकूट माजघराच्या दाराजवळच होतं. मी काही बोलायच्या आत तिनं ते उचललं.

एकटीला नको

हे मला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे. बाजारात प्राणी विकणारे एकच उंदीर देतात; एकटा असला की माणसाची सवय लवकर होते असं सांगतात. ते चूक आहे आणि क्रूरही आहे. उंदीर कळपात राहणारा प्राणी आहे. याक पँकसेप या शास्त्रज्ञानं अमेरिकेत उंदरांना गुदगुल्या करून दाखवलं की ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात चिवचिवतात, आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे लागतात. २०११ साली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी एक उंदीर नळीत कोंडला. बाहेरच्यानं दार उघडायचं शिकून घेतलं आणि सोबत्याला सोडवलं. शेजारी गोड खाऊ ठेवला तरी त्यानं सोबत्याला सोडवलं आणि बऱ्याचदा खाऊ दोघांत वाटला. २०१९ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात उंदीर माणसाबरोबर लपंडाव खेळायला शिकले, आणि सापडल्यावर खाऊ मिळत नसतानाही खेळत राहिले.

पुण्यात मी त्या दोघींना झोपलेलं पाहिलं. एक दुसरीच्या अंगावर पसरलेली, शेपट्या एकमेकींत अडकलेल्या. केसाळ उंदीरही असेच झोपतात, पण या दोघींसाठी सोबत म्हणजे पांघरूणही आहे. म्हणून दत्तक घ्यायच्या तर दोघी मिळून घ्यायच्या. दोघी माद्याच आहेत ना, याची वैद्याकडून खात्री करून घ्यायची. नर-मादी एकत्र राहिले तर एकवीस ते तेवीस दिवसांत पिल्लं, तीही एका वेळी आठ-दहा. बिनकेसाच्या माद्यांना अनेकदा पुरेसं दूध येत नाही आणि पिल्लं उपाशी मरतात. एवढं कळल्यावर कुणी हौस म्हणून त्यांची वीण करत राहावं, हे मला मान्य नाही. जे जन्माला आले आहेत त्यांना घर मिळावं. नवे उघडे जीव मागणीपोटी तयार होऊ नयेत. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ पासून नियम आहेत, राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तरी दुकानातून विकत घेण्यापेक्षा ज्यांना कुणी सोडून जात आहे असे प्राणी घेणं मला योग्य वाटतं.

वहिनीची भीती

वहिनीची खरी भीती रोगाची होती आणि ती पोकळ नाही. तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, घरात मेलेला उंदीर दिसला की आधी सगळ्यांना बाहेर काढत. ‘उंदीर पडले’ हे शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलले जात. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, मग पुण्यात, मग गावोगावी. माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली. उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. ती आठवण तीन पिढ्या पुरली. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामल्यात प्लेग आला तेव्हा ती पुन्हा ताजी झाली.

पिंजऱ्यात वाढलेल्या दोघींकडून प्लेगची भीती धरायचं कारण नाही. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, काळजी मात्र घ्यायला हवी. कोकणात भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसांना तो होतो. रानटी उंदरांच्या मुतातला जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे. या दोघींना तो वाडीतल्या उंदरांकडूनच मिळू शकतो. म्हणून पिंजरा जमिनीपासून उंच, जाळी बोटही जाणार नाही इतकी बारीक, खाली सांडलेले दाणे रात्री उचललेले, आणि त्यांना मोकळं फिरवायचं ते फक्त माजघरात, दारं लावून. वाडीतून आलेल्या पायांनी थेट पिंजऱ्याकडे जायचं नाही.

उंदीर चावल्यानं किंवा नख लागल्यानं येणारा एक तापही आहे. त्याच्या दोन जंतूंपैकी एकाचा मुंबईशी संबंध आहे: ग्रँट मेडिकल कॉलेजात असलेल्या हेन्री वँडाइक कार्टर यांनी १८८७ साली भारतातल्या एका उंदराच्या रक्तात हा नागमोडी जंतू पाहून नोंदवला. शरीरशास्त्राच्या प्रसिद्ध ‘ग्रेज ॲनाटॉमी’तली चित्रं काढणारे हेच कार्टर. चावा क्वचितच पडतो, पण पडला तर साबणानं धुवायचा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आपणहून सांगायचं. हे सांगायला लोक लाजतात आणि निदान लांबतं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं आपल्या अटी सांगितल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्या येणार नाहीत. कापडं वेगळ्या बादलीत धुतली जातील. भाची पुण्याला गेली की दुपारचं पाणी आणि ओलं फडकं वहिनी बघेल, पण हातात घेणार नाही. मला या अटी रास्त वाटल्या. प्राण्यावर घरातल्या प्रत्येकाचं प्रेम बसायलाच हवं असं नाही. प्रत्येकानं त्याला काय लागतं ते ओळखलं तर तो नीट जगतो.

वैद्य किती लांब

एक अडचण मात्र सुटली नाही. आसपासचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गायी-म्हशी, शेळ्या, फार तर कुत्र्यांसाठी. उंदरावर शस्त्रक्रिया करणारा वैद्य मुंबई किंवा पुण्यात. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. पण दिघीहून तिथवर पाच-सहा तासांचा रस्ता आहे आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. माद्यांना वय झालं की स्तनांत गाठी होतात, ही पाळीव उंदरांत फार आढळणारी गोष्ट. बहुतेक गाठी साध्या असतात आणि लवकर काढल्या तर जीव वाचतो. शस्त्रक्रियेआधी माणसासारखं उपाशी ठेवायचं नसतं, कारण उलटीची भीती नाही. उपाशी ठेवलं तर उलट अंगातली साखर उतरते. भाचीनं पुण्यातल्या वैद्यांशी बोलून ठेवलं आहे. महिन्यातून एकदा कामासाठी ती पुण्याला जाईल तेव्हा दोघींना बरोबर नेईल आणि तपासून आणेल. दर आठवड्याला त्यांचं वजन करून वहीत लिहायचं, काखेत आणि पोटाशी बोट फिरवून बघायचं, श्वासाचा आवाज ऐकायचा. शस्त्रक्रियेचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.

आणायच्या त्या दिवाळीनंतर. ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असेल आणि थंडी अजून आलेली नसेल. प्रवास पहाटे, गाडीच्या काचा लावून, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ न देता, बरोबर काकडीच्या फोडी, कारण गाडीत पाण्याची बाटली गळते. पिंजरा आधी दिघीला जाऊन लागलेला असेल, त्यात पुण्यातली त्यांचीच न धुतलेली एक झोळी, म्हणजे नव्या घरात ओळखीचा वास मिळेल. पहिले काही दिवस कुणी बघायला येऊ द्यायचं नाही, असं मी भाचीला बजावलं आहे. गावात बातमी पसरेलच आणि मुलं ओटीवर गोळा होतील.

पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. बिनकेसाचा बहुधा त्याहून थोडा कमी. म्हणजे या दोघींचं फार तर वर्ष-दीड वर्ष उरलं आहे. एक आधी गेली तर दुसरीचं काय, हेही आम्ही बोललो. म्हाताऱ्या एकट्या मादीला पुण्यातल्या दुसऱ्या पाळणाऱ्यांकडे सोबतीला पाठवायचं किंवा कुणी सोडून दिलेली एखादी वयस्क मादी इथे आणायची. पिल्लू आणायचं नाही, कारण मग ही साखळी कधी थांबत नाही. विकत घेऊन नवी जोडी आणायची नाही हे भाचीनं स्वतःहून सांगितलं. माझं त्यावर एवढंच म्हणणं होतं की कुणी टाकून दिलेल्या कानावर आल्या, तर दुपारी घरी कोण असेल हे आधी बघ आणि मग मला फोन कर.